जोडीची गिनती

१

संध्याकाळी कार्यालयातली बाकीची मंडळी डबे आवरू लागली की प्रियंकाचे खरे काम सुरू होई. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या संस्थेत संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन रुजू झालेली ती सर्वांत धाकटी सहायक होती, आणि तिच्या वाट्याला आलेला प्रकल्प असा, की पाहुण्यांना तो दोनदा समजावून सांगावा लागे. पुढच्या दहा वर्षांत राज्यातल्या तुरुंगांत किती माणसे असतील, याचा अंदाज बांधायचा होता. भिंती किती बांधायच्या ते सरकारला आधी कळायला हवे होते. भिंतीला वेळ लागतो; माणूस आत जायला लागत नाही.

नमुन्यात निवडलेल्या प्रत्येक कारागृहाला गोपनीयतेसाठी एकेक अक्षर दिले होते. रोज सूर्यास्ताच्या सुमारास कैद्यांना बराकींत घालून कुलूप लावतात आणि त्याआधी माणसे मोजतात. त्या मोजणीला तिथे गिनती म्हणतात. तो आकडा प्रियंका फोनवर विचारून घेई आणि स्वतः नोंदवी.

‘क’ कारागृह साताऱ्याच्या अलीकडे होते. तिथे फोन उचलणारा आवाज ठरलेला असे.

“गुंडा बोलतोय जेलातनं.”

पहिल्या दिवशी क्रमांक चुकला समजून ती फोन ठेवायला निघाली होती.

“आवं मॅडम, नाव हाय माजं. गुंडा हवालदार. आज्ज्यानं ठेवलंय. आतले गुंड निराळे, म्या भायेरचा.”

त्याच्या या विनोदाची तिला सवय झाली. सवय झाली नाही ती एका गोष्टीची. ‘क’मधल्या जुन्या बराकीचा आकडा कधीही विषम येत नसे. माणसे सुटत होती, नवी येत होती, तारखेला जात होती. आकडा वरखाली होई, पण प्रत्येक वेळी सम संख्येवरच येऊन टेके.

“नाणे उडवले तरी छापा इतक्या वेळा ओळीने पडत नाही, सर,” ती प्रकल्पप्रमुख धैर्यशील सरांना म्हणाली.

“हवालदार आकडा गोल करून सांगत असेल.”

“गोल करणारा माणूस दहाच्या पटीत सांगतो. हा तसे करत नाही.”

“मग जाऊन बघून ये. पण प्रियंका, एका माणसाने दहा वर्षांच्या अंदाजात काय फरक पडतो, सांग बरं?”

एका माणसाने काय फरक पडतो, ते तिच्या भाड्याच्या खोलीत बसलेले होते. तिचा धाकटा भाऊ कुणाल. माण तालुक्यात, गावाजवळच्या मेंढरांच्या बाजारात भांडण झाले, एका व्यापाऱ्याच्या डोक्यात काठी बसली, आणि फिर्यादीत कुणालचे नाव आले. व्यापारी अजून इस्पितळात बेशुद्ध होता. अटक टाळण्यासाठी मिळालेला जामीन तात्पुरता होता. तो कायम करायचा की नाही, हे साताऱ्याचे न्यायालय ठरवणार होते. नाही म्हटले, तर कुणाल कच्चा कैदी म्हणून आत जाणार आणि तिच्याच तक्त्यात एकाने भर पडणार.

“म्या सोडवाय गेलतो, आक्का,” तो आला त्या दिवशी म्हणाला होता. काठी कोणाची बसली, हे तिने पुन्हा विचारले नाही. आपण का विचारत नाही, हेही तिने स्वतःला विचारले नाही. तुरुंगाच्या आतले काही त्याच्यासमोर बोलायचे नाही, एवढा नेम मात्र तिने कटाक्षाने पाळला.

२

ती ‘क’ कारागृहात पोहोचली तेव्हा ऊन अंगण सोडून भिंतीवर चढले होते. आमटीच्या फोडणीचा वास सुटला होता. भीती वाटेल अशी तिने मनाची तयारी केली होती. पण समोरचे दृश्य प्रार्थनेआधीच्या शाळेसारखे होते. कोणी टॉवेल झटकत होता, कोणी नळाशी भांडत होता.

“जोडी!” गुंडा हवालदार ओरडला. प्रत्यक्षात तो आवाजावरून वाटे त्यापेक्षा बराच म्हातारा आणि किरकोळ होता.

जुन्या बराकीतली माणसे दोघादोघांनी, खांद्याला खांदा लावून, गुडघ्यांना हातांची मिठी घालून उकिडवी बसली. हवालदार रांगेच्या कडेने चालत प्रत्येक जोडीवर बोट रोखू लागला. रांगेच्या शेवटी पांढरी टोपी घातलेला एक वृद्ध जन्मठेपवाला एकटा बसला होता. त्याच्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती. हवालदाराचे बोट त्या वृद्धावर थांबले, मग मोकळ्या जागेकडे वळले. आणि तिथे ते किंचित खाली उतरले. शेजारी बुटका माणूस बसला असावा आणि त्याला मोजावे, तसे.

“ते आजोबा एकटेच आहेत,” प्रियंका म्हणाली. “तुम्ही तिथे दोन धरलेत.”

“जोडीनं मोजायचं आन् दुप्पट करायचं, मॅडम. येकेक मोजत बसलो तर भाकरी गार हुत्यात.”

“पण त्याने एक जास्त होतो.”

“व्हतो की. जास्तीला कोन वरडत न्हाई. कमी पडला की माजी नोकरी जाती.”

तिला हसू आले. खुलासा पुरेसा होता. कैद्यांचा अधिकृत आकडा कार्यालयात नावांवरून निघत असे आणि तो बिनचूक असे. हा केवळ कुलपापुरता. चूक कळली, कारण कळले, दुरुस्ती सोपी होती. तरी एक शंका उरली.

“उद्या एखादा नवा आला की ही जोडी आपोआप पूर्ण होईल ना?”

“न्हाई. नवा आला की येकाला नव्या बराकीत धाडतो. हितं येक कमीच ठिवायचा.”

“का?”

“पयल्यापास्नं तसंच हाय,” हवालदार म्हणाला, आणि हातातल्या किल्ल्या वाजू नयेत अशा बेताने त्याने त्या मुठीत दाबल्या.

बराक आतून पाहायची तिने परवानगी घेतली होती. फरशीवर भिंतीच्या कडेने वळकट्या ओळीने मांडल्या होत्या. माणसे इतकी की दोन वळकट्यांत वीतभरही अंतर नव्हते. फक्त शेवटी, त्या वृद्धाच्या वळकटीशेजारी, एक पट्टा मोकळा होता. तो झाडलेला होता, आणि तिथली फरशी बाकीच्या जागांसारखीच अंगाच्या वावराने गुळगुळीत झाली होती. वृद्धाचे नाव हिंदुराव. तो कोपऱ्यात पाणी पीत उभा होता.

“इथे कोणी झोपत नाही?” तिने विचारले.

“झोपतोय की.” मग तिचा चेहरा पाहून तो बोळक्या तोंडाने हसला. “चेष्टा केली, ताई. वरनं पानी गळतंय हितं.”

तिने वर पाहिले. छत कोरडे होते. ओलीचा एकही डाग तिथे नव्हता.

“तुमचं कोन आत हाय व्हय?” हिंदुरावाने विचारले.

“नाही.”

“मंग येनार असंल. तुमी त्या जाग्याकडं तसं बगताय.”

३

सांगलीला परतताना एसटीत तिने हा संवाद नीट तपासला. कुणालबद्दल तिथे कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण वकिलाचा कारकून बोलला असेल. हवालदाराचे कोणी नातलग माणकडचे असतील. नाहीतर म्हाताऱ्याने अंदाज बांधला असेल. आयुष्यभर भेटीला येणाऱ्या बायका पाहिलेल्या माणसाला चेहरा वाचता येतोच. तिन्ही शक्यता पटण्याजोग्या होत्या. एकही पटत नव्हती.

त्या आठवड्यात तिने कारागृहाच्या अधीक्षकांसाठी टिपण तयार केले: जुन्या बराकीत जोडीने मोजण्याची पद्धत बंद व्हावी, एकेक माणूस मोजावा, आणि गर्दी लक्षात घेता मोकळी ठेवलेली जागा वापरात आणावी. भाषा संयत होती, युक्तिवाद निर्दोष होता. त्यामागचा विचार मात्र वेगळा होता. कुणालच्या तारखेच्या आत ती जागा भरली, तर ती कोणासाठी राखलेली उरणार नाही. संख्याशास्त्र शिकलेल्या मुलीने असा विचार करू नये, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच तो तिने टिपणात लिहिला नाही.

अधीक्षक नव्याने बदलून आलेले, शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी फोनवरच होकार दिला. “मी आल्यापासून ती जागा बघतोय,” ते म्हणाले. “कोणी सरळ कारण सांगेल तर शपथ.”

४

नव्या पद्धतीची पहिली गिनती कुणालच्या तारखेच्या आदल्या दिवशी झाली. प्रियंका ती पाहायला हजर होती. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातच न्यायालय होते, आणि मुक्कामाला मामांकडे जायचे होते. न्यायला कुणाल मोटारसायकल घेऊन येणार होता.

हिंदुरावाशेजारी नुकताच आलेला एक मालट्रकचालक बसवण्यात आला. बसताना तो चांगला ऐसपैस बसला, आणि लगेच त्याने अंग चोरून घेतले.

“काय झालं रं?” हवालदाराने विचारले.

“गार लागतंय, हवालदार. फरशी कशी ही?”

हवालदार एकेका माणसाचे नाव घेत मोजत गेला. आवाज चढा, कपाळ घामाने भिजलेले. शेवटच्या माणसापाशी तो थांबला, आणि आकडा सांगितला. कार्यालयाच्या आकड्याशी तो तंतोतंत जुळला. अधीक्षकांनी प्रियंकाकडे पाहून समाधानाने मान हलवली. माणसे आत गेली, गजांचे दार लोटले गेले. पण हवालदार किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला.

“लाव की,” अधीक्षक म्हणाले.

“सायेब, येक भायेर ऱ्हायला.”

“कोण?”

हवालदाराने किल्ली फिरवली. कुलूप लागले. ते लागताना गजांच्या पलीकडून हिंदुराव प्रियंकाला हळूच म्हणाला, “ताई, हे काय बरं केलं न्हाई. त्येला येकट्याला ऱ्हायाची सवय न्हाई.”

“कोणाला, आजोबा?”

“तुमीच मोजलं न्हाई, आन् मलाच इचारताय व्हय?”

तो वळून आपल्या वळकटीकडे गेला. म्हातारपणी कोंडून राहून माणसाचे डोके फिरते, असे तिने स्वतःला बजावले. हवालदाराचे तसे म्हणता येत नव्हते. हा त्या दोघांमध्ये ठरलेला डाव असावा, असा संशय तिला आला. नव्या अधीक्षकांना घाबरवून जुनी रीत परत आणायची असेल. हा संशय तिला आवडला. त्यात माणसेच होती.

मुख्य दरवाजातली लहान दिंडी हवालदाराने उघडली. प्रियंका वाकून बाहेर पडली. मागे दिंडी बंद झाल्याचा आवाज आला नाही म्हणून तिने वळून पाहिले. हवालदार दिंडी तशीच धरून उभा होता, आणि त्याची नजर तिच्या कमरेच्या उंचीवरून, सावकाश, बाहेरच्या बाजूला सरकत होती.

“काय बघताय?”

“काय न्हाई.” त्याने दिंडी लावून घेतली. आतून म्हणाला, “संभाळून जावा, मॅडम.”

रस्त्यापलीकडे लिंबाखाली कुणाल मोटारसायकलवर बसला होता. तुरुंगाच्या भिंतीकडे तो मुद्दामच पाहत नव्हता. ती मागे बसली. मग तिच्या लक्षात आले, की तो पार पुढे, पेट्रोलच्या टाकीवर रेलला आहे, आणि दोघांच्या मध्ये बरीच जागा सुटली आहे.

“एवढा पुढं का सरकलास रे?”

“तूच ढकललंस की गं, आक्का.”

“मी?”

“मंग कोन? चल, बस नीट. अंधार पडायच्या आत मामाकडं पोचायचं हाय.”

ती नीट बसली, पण पुढे सरकली नाही. कारण तिने स्वतःला विचारले नाही. रस्ताभर वारा सणसणत होता. खांद्यांना लागत होता, गुडघ्यांना लागत होता. तिच्या आणि त्याच्या पाठीच्या मध्ये, तेवढ्याच जागेत, तो लागत नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी जामीन कायम झाला. व्यापारी शुद्धीवर आला होता, आणि काठी कोणाची बसली हे त्याला सांगता आले नाही. वकिलांनी कुणालच्या पाठीवर थाप मारली. प्रियंकाने आवारातूनच आईला फोन लावला. आईच्या गावाकडे, दहिवडीच्या बाजूला, रेंज तुटत होती, त्यामुळे “सुटला, आई, सुटला!” असे तिला ओरडून सांगावे लागले. येणारेजाणारे वळून पाहू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्याचे काही वाटले नाही.

“आता जेवाय घाल, आक्का,” कुणाल म्हणाला. दोन महिन्यांत त्याने प्रथमच स्वतःहून जेवण मागितले होते.

सांगलीकडे निघताना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये तिने आपली पिशवी ठेवली. कपडे आणि डबाच होता तीत. कराड येईपर्यंत ती पिशवी तिच्याच पोटात रुतत राहिली.

६

नंतरचे दिवस चांगले गेले, असेच कोणीही म्हटले असते. ‘क’चा आकडा आता कधी सम, कधी विषम येऊ लागला, अंदाजाची रेषा सुबक बसली. धैर्यशील सरांनी बैठकीत तिचे नाव घेऊन कौतुक केले. कुणाल पलूसला द्राक्षांच्या शीतगृहात कामाला लागायचे बोलू लागला.

त्याच्या बसण्याकडे तिचे लक्ष जरा उशिराच गेले. जेवताना तो ताटासकट भिंतीकडे सरके. पलंग सोडून खाली, चादरीच्या एका कडेला झोपे. जागा पुरत नाही का, असे विचारले तर म्हणे, “पुरतीय की दोगांस्नी.” दोघे म्हणजे तो आणि ती, असा अर्थ तिने घेतला होता.

एके दिवशी आकडा सांगून झाल्यावर गुंडा हवालदाराने फोन ठेवला नाही.

“तिकडं समदं बरं हाय न्हवं, मॅडम?”

“का?”

“हिंदुराव इचारत हुता. त्येला झोप न्हाई. उगं कूस बदलत बसतोय.”

तिने फोन ठेवला, संगणक बंद केला, आणि नेहमीपेक्षा लवकर घरी निघाली. सूर्य नुकताच मावळला होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी आमटीला फोडणी दिली होती. तिने दार उघडले. दिवा लावलेला नव्हता. भिंतीशी कुणाल उकिडवा बसला होता, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. आणि त्याच्या डाव्या बाजूला एका माणसापुरती फरशी झाडून स्वच्छ केलेली होती.

“असा का बसलास?”

“झाली न्हवं गिनती?” त्याने शांतपणे विचारले. “मंग दार लाव की, आक्का.”

“लावलंय.”

“तसं न्हवं. भायेरनं.”

गिनती हा शब्द तिने त्याच्यासमोर कधीही उच्चारला नव्हता. तिने आठवून पाहिले, नव्हता. मोबाइलवर ऐकला असेल. आत जावे लागेल या धास्तीने तुरुंगाचे व्हिडिओ पाहत बसला असेल. हे शक्य होते, बरेच शक्य होते. “आलेच,” असे म्हणून ती बाहेरच्या गॅलरीत आली, दार ओढून घेतले आणि ‘क’चा क्रमांक लावला.

“गुंडा बोलतोय.”

“हवालदार, जुनी पद्धत परत सुरू करता येईल का? मी अधीक्षकांना लिहून देते. माझी चूक झाली म्हणून लिहून देते.”

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवल्याचा आवाज आला.

“मोजीन मॅडम, जोडीनं मोजीन. पर मोजाया त्यो हितं पायजे. भायेर गेलाय आता.”

“मग आत घ्या त्याला!”

“आत यायाला नाव लागतं, मॅडम. त्येला नाव न्हाई. ज्येच्यासंगट हाय, त्यो आला तरच त्यो येनार.”

तिने फोन कानापासून दूर केला. दारापलीकडे कुणाल बोलत होता. हळू आवाजात, मोकळेपणाने. जसा तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. वाक्ये तुटक येत होती, मध्ये मध्ये कोणी काही विचारावे तशी.

“न्हाई... न्हाई, सोडवाय गेलोच न्हवतो.”

थांबला.

“पयली त्येनं उगारली. मंग म्या.”

पुन्हा थांबला.

“व्हय. पडल्यावर बी.”

तिने दार बोटभर ढकलले. गॅलरीतल्या दिव्याची तिरीप फरशीवर पडली. कुणाल आता चादर ओढून आडवा झाला होता, भिंतीकडे तोंड करून, अगदी कडेला. चादरीचा बाकीचा भाग फरशीवर मोकळा पसरला होता. ती पाहत असतानाच त्या भागाचे पलीकडचे टोक उचलले गेले, आणि गार वारा आत येऊ नये म्हणून झोपणारा माणूस घेतो तसे, अंगाखाली दुमडून घेतले गेले.

तिने दार बंद केले.

ती शहाणी, सावध मुलगी होती, आणि त्या क्षणीही तिची बुद्धी नेहमीप्रमाणे चालत होती. एक मार्ग होता. सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन ऐकलेले सांगायचे. मग कुणाल आत जाईल, आणि त्याच्याबरोबर तोही आपल्या जागी जाईल. दुसरा मार्ग होता काहीच न सांगण्याचा. मग दोघेही बाहेर. कुणाल पलूसला जाईल, लग्न करील, पोरेबाळे होतील, आणि त्या घरात प्रत्येक ताटाशेजारी कोणीतरी सरकून बसत जाईल. निर्णय घाईने घेण्यासारखा नव्हता. आजच्या रात्रीपुरती काही तात्पुरती व्यवस्था झाली, तर उद्या विचार करता येण्यासारखा होता.

“मॅडम, हाय का लायनीवर?” फोनमधून हवालदार विचारत होता. “किती हाय तितं?”

“दोन,” ती म्हणाली, आणि बाहेरची कडी घातली.

कडीचा आवाज आत ऐकू गेला असावा. कुणालने समाधानाचा लांब श्वास सोडला.

“लागली बग, गड्या,” तो कोणालातरी म्हणाला. “नीज आता.”